मुक्कामी गाडीचा मंडप

तहसील कचेरीच्या अगदी समोर आपलं घर असावं असं कोणाला वाटत असेल, तर त्याने आठवडाभर माझ्याकडे राहून पाहावं. चहापाणी माझ्याकडून. कचेरीच्या कंपाउंडला लागून एक कडूनिंब आहे आणि त्याखालची मोकळी जागा म्हणजे आमच्या तालुक्याची ओरडण्याची हक्काची जागा. धरणं तिथे, उपोषण तिथे, मोर्चा गावभर फिरून शेवटी थांबणार तोही तिथेच. मागणी विजेची असो, रेशनची असो, पुलाची असो, ती कोणाच्याही अखत्यारीतली असो, मंडप तहसीलसमोरच पडतो. आणि त्या मंडपाच्या भोंग्याचं तोंड माझ्या पुढच्या खोलीच्या खिडकीकडे असतं, कारण दुसऱ्या बाजूला साहेबांची खिडकी आहे.

घर घेतलं तेव्हा मी इथल्या शाळेत भूगोल शिकवत होतो. कचेरीसमोर आहे, पोलीस असतात, चोरीचं भय नाही, असं बायको म्हणाली होती. तिचं खरं ठरलं. चोर आजपर्यंत आला नाही, बाकी सगळे आले. कोणी पाणी मागायला, कोणी मोबाइल चार्जिंगला लावायला, कोणी म्हातारीला पाच मिनिटं पंख्याखाली टेकवायला. बायको होती तोवर हे सगळं तिचं खातं होतं. ओट्यावर माठ भरलेला असायचा. मंडपातल्या कोणत्याही बाईशी ती पाच मिनिटांत नातं काढायची. पिंपळगाव राजाची कोणी आली तर माहेरच्या अंगाची, बीबी गावाकडची आली तर मावशीच्या गावाजवळची. मी आत पेपर वाचत कपाळाला आठ्या घालून बसायचो. आम्हा दोघांत कामाची वाटणीच तशी होती.

ती गेली आणि माठ आत गेला. फाटकाला मी आतून कडी लावू लागलो. मुलगा पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. बोलताना मागे भोंगा ऐकू गेला की म्हणतो, "बाबा, अजून तेच? विकून टाका ना ते घर, आणि इकडे या." मी म्हणतो, बघू. त्याच्याकडे अकराव्या मजल्यावर महिनाभर राहून आलोय मी. शांतता फार चांगली आहे तिथली. शेजारच्या दाराआड कोण राहतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि लिफ्टमध्ये एका गृहस्थांना "काय म्हणता?" असं विचारलं तर ते दचकले.

पण इथे तरी काय वेगळं होतं? दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून जातो. दुपारचा डबा येतो, तोही फाटकालाच. कित्येकदा संध्याकाळी दिवा लावताना मी खाकरतो आणि लक्षात येतं की आज दिवसभरात घशातून निघालेला हा पहिलाच आवाज. मुलाला मी सांगतो, मजेत आहे, निवांत आहे. निवांत हा शब्द म्हाताऱ्या माणसांना फार उपयोगी पडतो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी निंबाखाली एक नवा मंडप पडला. चार बांबू, वर हिरवी ताडपत्री, खाली सतरंजी, एका खुर्चीवर निळ्या कोटातला तो फोटो, ज्याच्याशिवाय आमच्याकडे एकही मंडप उभा राहत नाही, आणि मागे बॅनर: 'मुक्कामी गाडी सुरू करा'. बसलेल्या सगळ्या बाया होत्या. धामणगाव बढ्याच्या पलीकडे, डोंगराला लागून एक लहानसं गाव आहे, तिथल्या. बऱ्याचशा बौद्ध वस्तीतल्या, थोड्या इतर घरांतल्या.

मुक्कामी गाडी म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगावं लागेल. संध्याकाळी शेवटची गाडी गावात येते आणि परत जात नाही. ड्रायव्हर आणि कंडक्टर गावातच झोपतात, गावच त्यांच्या अंथरुणाची आणि भाकरीची सोय करतं, आणि सकाळी उजाडायच्या सुमारास तीच गाडी गावातल्या लोकांना घेऊन निघते. या गावाची गाडी टाळेबंदीत बंद झाली ती झालीच. सगळं जग पुन्हा सुरू झालं, पण ती गाडी डेपोच्या कोणाच्या डोक्यातून निसटली. आता गावात काळी-पिवळी जीप येते, तीही साडेआठनंतर, मेंढरं कोंबल्यासारखी भरून. आणि कॉलेज भरतं साडेसातला.

या बायांची पुढारी म्हणावी अशी एक होती. वय माझ्याइतकंच, साठी ओलांडलेली, काटक, पांढरी साडी, आवाज मात्र असा की तिला माइकची गरजच नव्हती. तरी ती माइकवरच बोलायची. तिची नात अकरावीला होती. नातीचा बाप म्हणजे हिचा मुलगा. गाडीच नाही तर शिक्षण कसलं, असं म्हणून दिवाळीनंतर पोरीला घरी बसवायचं आणि स्थळं पाहायला लागायचं, हे त्याने पक्कं केलं होतं. आजीने त्याच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. त्याच्या आत गाडी आली तर पोरगी शिकणार, नाही तर नाही. हे मला कोणी कानात सांगितलं नाही. ती रोज माइकवर सांगत होती, आणि भोंगा माझ्या खिडकीत होता.

त्यांचं होतं साखळी उपोषण. रोज सकाळी दहाला पाच-सहा बाया बसणार, संध्याकाळी पाचला उठणार, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. कोणाची मजुरी फार बुडत नाही आणि साखळी चालू राहते. साखळीचा नियम एकच, ती तुटता कामा नये. एक दिवस जरी सतरंजी रिकामी राहिली तरी आंदोलन संपलं असं धरतात आणि मंडप काढायला लावतात.

मला या सगळ्याचा राग येत होता. खोटं कशाला बोलू? सकाळी दहाला घोषणा सुरू. दुपारी डोळा लागतो न लागतो तोच गाणी. आणि एके दिवशी तर हद्दच झाली. मला मोतीबिंदू दाखवायला बुलढाण्याला जायचं होतं. डॉक्टरांची वेळ मोठ्या मुश्किलीने मिळालेली. स्कूटर काढायला फाटक उघडतो तर समोर आडवी ट्रॅक्टरची ट्रॉली, बाया उतरून गेलेल्या, ड्रायव्हरचा पत्ता नाही. मी तसाच तरातरा मंडपात गेलो.

"हे काय चाललंय? माणसाने घराबाहेर पडायचं की नाही?"

"पडा नं गुरुजी," ती पुढारी बाई म्हणाली. मी मास्तर होतो हे तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. "डायवर चहाले गेला. आता येईन, हलवते."

"आता म्हणजे केव्हा? मला डॉक्टरकडे अकराची वेळ आहे. ती चुकणार!"

"आमची साडेसातची हाये," ती म्हणाली. "रोज चुकते."

टोमणा मारायचा म्हणून ती बोलली नसावी. माझी वेळ ऐकली आणि तिला आपली वेळ आठवली, इतकंच. वर्गात पोरांना गप्प करण्यात हयात गेली माझी, आणि त्या दिवशी मी गप्प होऊन घरी आलो. ट्रॅक्टर हलला तोवर बुलढाण्याला जाण्यात अर्थ उरला नव्हता.

त्याच दिवशी पाचच्या सुमाराला फाटक वाजलं. तीच बाई.

"गुरुजी, जराक येता का? सोडवाले माणूस पायजे."

"काय सोडवायला?"

"उपास. पोरी बसेल हायेत नं सकाळपासून."

उपोषण सोडायचं म्हणजे बाहेरच्या माणसाच्या हातून लिंबूपाणी घ्यायचं, असा रिवाज आहे. मोठ्या उपोषणाला मोठी माणसं येतात, फोटो निघतात. या बायांकडे पहिल्या दिवशी कोणी एक आला होता, फोटो काढून गेला तो गेला. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या रस्त्याने जाणाऱ्या कोणाला तरी पकडत होत्या. कधी रसवंतीवाला, कधी टपालवाला. त्या दिवशी कोणीच मिळालं नव्हतं.

"आपल्या हातानं प्या ना मग," मी म्हणालो. "लिंबूपाणीच तर आहे."

ती माझ्याकडे अशी बघू लागली की जणू मी भूगोलात हिमालय दक्षिणेला सांगितला होता.

"आपल्याच हातानं पेलं तं ते उपोषण कायचं गुरुजी? मंग ते नुसतं उपाशी राह्यणं झालं. कोनं तरी या म्हनलं पायजे, कोनं तरी घ्या म्हनलं पायजे."

मी चपला सरकवल्या आणि निघालो. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शर्ट घालून या," ती म्हणाली. मी बनियनवर होतो.

शर्ट घालून गेलो. सहा बाया ओळीने बसल्या होत्या, चेहरे उतरलेले, एकीच्या मांडीवर लेकरू झोपलेलं. मी एकेकीच्या हातात पेला दिला. प्रत्येकीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग प्यायली. कितीतरी दिवसांत माझ्या हातून कोणी काही घेतलं नव्हतं. बायकोला शेवटच्या आजारात चमच्याने पाणी पाजायचो, त्यानंतर हेच. मला भरून आलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी त्यांच्यावर खेकसलो, "साखर कमी टाकत जा, मधुमेह व्हायचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलंच नाही, गृहीत धरलं. पाचला भोंग्यातून आवाज आला, "समोरच्या गुरुजींना विनंती आहे..." आणि मी खिडकीआड आधीच शर्ट घालून उभा होतो. पुढे पुढे मी चारलाच दाढी करून बसू लागलो. दुपारचा भोंगा तेवढाच कर्कश होता, डोकं तेवढंच दुखत होतं, आणि तरी पाच कधी वाजतात याची मी वाट पाहत होतो. एवढ्या आयुष्यात दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

याच सुमारास आमच्या गल्लीची बैठक झाली. मेडिकलवाल्याच्या पायरीवर चार-पाच जण जमलो. त्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा राहत नाही. शेजारचे निवृत्त कारकून म्हणाले, सुनेचं तान्हं लेकरू दचकून उठतं. सगळं खरं होतं. ठरलं असं की आंदोलनाची जागा इथून हलवून गावाबाहेर, बाजार समितीच्या मागच्या पटांगणात करावी असा अर्ज द्यायचा.

"सर, पहिली सही तुमची," मेडिकलवाला म्हणाला. "तुमचं तर घरच भोंग्यासमोर. शिवाय ज्येष्ठ नागरिक. तुमची डॉक्टरांची वेळसुद्धा यांच्यापायीच चुकली."

"उद्या सांगतो," मी म्हणालो. सगळ्यांना आश्चर्य वाटलं. या विषयावर सगळ्यात जास्त करवादणारा माणूस मीच होतो.

घरी येऊन विचार करत बसलो. बाजार समितीच्या मागचं पटांगण मला माहीत आहे. आठवड्यातून एकदा गुरांचा बाजार भरतो, एरवी चिटपाखरू नसतं. तिथे या बायांनी घसा फोडला तर ऐकणार कोण? त्या ओरडतात ते माझी झोप मोडावी म्हणून नव्हे, पण कोणाची तरी झोप मोडल्याशिवाय त्यांचं ओरडणं कोणाच्या कानी पडणार नव्हतं, हेही उघड होतं. आणि ती झोप माझी होती. या निंबाखाली मी असेही मंडप पाहिले आहेत ज्यांची मागणी मला मुळीच पटली नाही, ज्यांच्या भाषणांनी मी खिडकी आपटून लावली. उद्याही येतील. जागा गेली तर दोघांचीही जाणार. मला न पटणाऱ्यांसाठी दार बंद करायला गेलो असतो तर ते याच बायांच्या तोंडावर आदळलं असतं. भूगोलाच्या मास्तराला नागरिकशास्त्र उशिरा समजलं म्हणायचं. पण एवढं समजूनही गल्लीतल्या लोकांना नाही म्हणायची भीती वाटत होती. गल्लीत बोलायला उरलेली माणसं तेवढीच होती.

तेवढ्यात पावसाने घात केला. सोयाबीन कापून शेतात पडलेलं आणि परतीचा पाऊस दोन दिवस झोडपून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. अशा उन्हात घरातलं माणूस न माणूस शेतात पळतं. आज सुकवून झाकलं तर दाणा हाती लागणार, नाही तर कोंब फुटणार. मी खिडकीतून पाहिलं. पावणेदहा वाजले, सतरंजीवर कोणी नाही. माइकवाला तेवढा यंत्र जोडून बसलेला, आणि बंदोबस्ताचा एक हवालदार निंबाखाली खुर्चीत.

मी बाहेर गेलो. "आज कोणी नाही?"

"दिसत नाही सर," हवालदार म्हणाला. "सोयाबीनच्या मागं असतील. दहाला कोणी नसलं तर मला तसं वर कळवावं लागतं. मग मंडप काढतात."

वाईट वाटत होतं त्यालाही. पण त्याचं काम ते त्याचं काम.

मी घरी परत आलो, शर्ट घातला, दाराला कुलूप लावलं आणि रस्ता ओलांडून सतरंजीवर जाऊन बसलो. गुडघे कुरकुरले. हवालदार उठून उभा राहिला.

"सर, तुम्ही?"

"का, बायांनीच बसावं असं कुठे लिहिलंय?"

"तसं नाही."

मग मला एकदम आठवलं आणि मी घाबरलो. "अहो, पण मी सकाळी पोहे खाल्लेत. चालतं का?"

त्याने घड्याळ पाहिलं. "दहाच्या आधीचं चालतं," असं म्हणून त्याने आपली खुर्ची थोडी बाजूला ओढली. पावसाने ताडपत्री फाटून ऊन खाली येत होतं, म्हणून त्याच्या त्या सावलीच्या जागेत त्याने मला सतरंजी सरकवायला लावली.

दिवसभर मी एकटा बसलो होतो. येणारे जाणारे थबकून बॅनर वाचायचे, मग माझ्याकडे पाहायचे. जुने विद्यार्थी नमस्कार करून घाईने पुढे जायचे. मेडिकलवाला पायरीवर येऊन उभा राहिला. मी तिथूनच सांगितलं, "सही करणार नाही मी." तो आत गेला. त्यानंतर आजतागायत त्याने मला नुसतं 'काय सर' असंही म्हटलेलं नाही. गोळ्या देतो, बास.

दुपारी माइकवाला म्हणाला, "सर, तुम्हीच बोला काहीतरी. आज माइक गप्पच आहे."

मी माइक हातात घेतला. पस्तीस-चाळीस पोरांसमोर जन्मभर बोललो, पण समोर कोणीच नसताना कधी बोललो नव्हतो. म्हणालो, "या गावची मुक्कामी गाडी सुरू झाली पाहिजे." भोंग्यातून माझाच आवाज मोठा होऊन निघाला आणि रस्त्यापलीकडच्या माझ्या खिडकीत शिरला. खिडकी उघडीच राहिली होती. आत पुढची खोली, बायकोची खुर्ची, माझी खुर्ची. मी पुन्हा बोललो, पोरींना साडेसातला पोचायचं असतं असं काहीतरी. आवाज पुन्हा घरात गेला. ऐकणारं आत कोणी नव्हतं. या बाया रोज घसा फोडत होत्या तेव्हा निदान मी होतो, रागाने का होईना पण ऐकत होतो. माझं ऐकायला मीही नव्हतो. मी माइक खाली ठेवला. माइकवाल्याने गाणं लावलं.

मला कोणी उठवलं नाही. कोणी दम दिला नाही. एक म्हातारा रस्त्याच्या कडेला बसून सरकारला मागणं मागतोय आणि सरकारचा हवालदार त्याला सावली करून देतोय, ही गोष्ट आम्हाला इतकी साधी वाटते की तिची किंमत कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या तरी कुठे आली होती?

पाच वाजले. माझं उपोषण सोडवायला कोणी नव्हतं. हवालदार म्हणाला, "ड्युटीवर आहे सर, मला नाही जमायचं." मी म्हणालो, असू दे. उठून घरी जावं आणि पाणी प्यावं, सोपं होतं. पण त्या बाईचं ते वाक्य डोक्यात बसलं होतं. नुसता उपाशी राहिलेला माणूस तर मी रोजच होतो.

सहाच्या सुमाराला काळी-पिवळी येऊन थांबली आणि ती उतरली. पदर खोचलेला, हात मातीने आणि सोयाबीनच्या कुसाने भरलेले. धावतच आली असावी, श्वास लागला होता. रिकाम्या मंडपाची खात्री धरून आलेली ती, मला सतरंजीवर पाहून जागच्या जागी उभी राहिली.

"तुमी बसेल हा सकाळपासून?"

"हो."

"एकलेच?"

"हो."

तिने नळावर हात धुतले, रसवंतीवाल्याकडून लिंबू पिळून आणलं आणि पेला माझ्यापुढे धरला. "घ्या गुरुजी," ती म्हणाली. मी प्यायलो. साखर जास्त होती.

गाडी मंजूर झाली. दिवाळीच्या अलीकडेच झाली. डेपोचे एक साहेब येऊन तसं सांगून गेले आणि तासाभरात बांबू निघाले, ताडपत्री निघाली, सतरंजी झटकली गेली. बाया जाताना माझ्या फाटकाशी येऊन 'येतो गुरुजी' म्हणाल्या. नातीचं कॉलेज चालू राहिलं. मला फार आनंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता काय करावं ते कळेना. मी दाढी केली होती. शर्ट घातला होता. समोर निंब होता, त्याखाली एक गाय बसली होती. रस्ता इतका मोकळा होता की बघवत नव्हतं. त्यांचं मागणं पुरं झालं होतं आणि माझ्या दाराशी यायला कोणाला कारण उरलं नव्हतं.

म्हणून गाडी सुरू व्हायच्या दिवशी ती बाई मला बोलवायला आली तेव्हा मी एका शब्दानेही आढेवेढे घेतले नाहीत. संध्याकाळी स्टँडवरून त्यांच्यासोबत गाडीत बसलो. वाटेत नात खिडकीशी बसली होती, पुस्तक मांडीवर, न वाचता बाहेर बघत. गावाच्या शिवेवर हलगी वाजत होती. गाडीच्या कपाळाला हार घातला, नातीनेच नारळ फोडला, ड्रायव्हर-कंडक्टरला टोपी-रुमाल झाला, लेकरं गाडीत चढून सीटांवर नाचली. मी ओट्यावर बसून चहा प्यायलो. मग अंधारायला लागलं तसा उठलो आणि कंडक्टरला विचारलं,

"परत किती वाजता निघते?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सर, मुक्कामी आहे ही. सकाळी सहाला."

सगळा ओटा हसला. पोरं हसली, हलगीवाला हसला, ती बाई तर तोंडाला पदर लावून हसली. जिच्यासाठी इतके दिवस लिंबूपाणी वाटलं, एक दिवस उपाशी बसलो, बॅनरवर रोज जिचं नाव वाचलं, ती गाडी परत जात नाही हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मीही हसलो. आणि हसता हसता खिशातून फोन काढला. आज घरी येत नाही, हे घरी कळवायचं. जन्माची सवय ती. शाळेच्या कामाने कुठे अडकलो तर आधी फोन. बोट नंबरापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. त्या नंबरावर आता कोणी नव्हतं. मी आज घरी गेलो काय, न गेलो काय, कोणालाही कळणार नव्हतं. कोणी विचारणार नव्हतं, कुठे होता म्हणून. एवढी माणसं भोवती होती, आणि मला रडू फुटेल असं वाटलं.

तिने पाहिलं. "कोनाले लावून राह्यले फोन?"

"कोणाला नाही," मी म्हणालो आणि फोन खिशात टाकला.

ती नातीला हाक मारून म्हणाली, "गुरुजीचं अंथरून आपल्या ओसरीत टाक." आणि माझ्याकडे वळून, जवळजवळ दरडावल्यासारखं म्हणाली,

"सकाळी जातानी मले सांगून जाजा. तसेच निंगून नोका जाऊ."

मी हो म्हणालो.